भुरीच्या नावाची बाटली

पाच आठवडे आभाळ नुसतं गळत होतं. पाऊस म्हणावा तर जोर नाही, थांबला म्हणावा तर दोरीवरचा सदरा वाळत नाही. गोठ्यातली जमीन पायाखाली पचपच करायची. शेण ओढावं तोवर मागून मुताचा ओघळ यायचा, आणि सहाच्या सहा गायी त्याच राडीत कास टेकवून बसायच्या. अशात एका सकाळी भुरीच्या मागच्या डाव्या सडातून धार यायच्या ऐवजी गोळे आले. पिवळे, चिकट. ते पचकन बादलीत पडले.

"अहो," बायकोनं गोठ्यातून हाक मारली, "हिच्या सडाला दगडी झालीय परत, सुजलाय बघा."

"ओरड, अजून मोठ्यानं ओरड. डेअरीवाल्याला ऐकू गेलं नसेल," दात घासता घासता तो म्हणाला.

गावात त्याला सगळे इरसाल म्हणायचे, आणि ते त्याला आवडायचं. पेंडवाल्याचंच रिकामं पोतं उचलून, त्यात लाकडाचा भुसा भरून, तोंड नीट शिवून त्यानं ते परत पेंडवाल्याच्या दुकानात नेऊन ठेवलं होतं. आठ दिवसांनी पेंडवाल्यानं ते स्वतःच्या मेव्हण्याला विकलं. दोघं महिनाभर बोलत नव्हते. असल्या शंभर भानगडी त्याच्या नावावर होत्या आणि त्याला स्वतःला मात्र आजवर कुणी गंडवलं नव्हतं. एक भुरी सोडून.

भुरी फक्त बायकोच्या हाताला पान्हा सोडायची. दुसरं कुणी खाली बसलं की आधी शेपटीचा फटका, मग लाथ. तीन वर्षांपूर्वी बायको दोन दिवस माहेरी गेली तेव्हा त्यानं धार काढायला घेतली आणि पुढचा दात गमावला. त्या फटीतून तो शिट्टी वाजवायचा. "दात गेला, पण वाद्य मिळालं," असं पाहुण्यांना सांगायचा. पण सहा गायींच्या दुधात निम्मं दूध एकट्या भुरीचं होतं, म्हणून लाथेसकट तिचे लाड चालायचे.

त्यानं कोनाड्यातली लाल झाकणाची बाटली काढली. कोनाड्यात तशा तीन बाटल्या होत्या. लाल, पिवळ्या आणि निळ्या झाकणाची. तिन्ही पेंडवाल्यानं दिलेल्या. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. पेंडीच्या पोत्याबरोबर औषध. पेंडवाल्यानं सांगितलेलं असायचं की पाच दिवस टोचा. तो दोन दिवस टोचायचा. सूज उतरली की उरलेलं औषध पुढच्या वेळेसाठी परत कोनाड्यात. लालनं नाही भागलं तर पिवळं. पिवळ्यानं नाही भागलं तर निळं.

"उगाच सगळं संपवायचं कशाला?" तो म्हणायचा. "गाय काय पास होणार आहे का पूर्ण अभ्यास करून?"

त्यानं मागं उभं राहून, लाथेच्या टप्प्याबाहेरून, भुरीच्या पुठ्ठ्यात सुई खुपसली. एवढं त्याला जमायचं.

बायको धार काढायची ती अंगठा दुमडून. सड मुठीत धरायचा, अंगठ्याचा सांधा आत दाबायचा आणि ओढायचं. तिच्या आईनं तिला तसंच शिकवलेलं. सहा गायी, दिवसातून दोनदा, बावीस वर्षं. उजव्या अंगठ्याच्या सांध्यावर घट्टा पडला होता. त्या ओलीत तो घट्टा भेगाळला. भेगेत भुरीच्या सडातलं पिवळं पाणी गेलं. आठवड्यात अंगठा वांग्यासारखा झाला.

"दाखव," तो म्हणाला. तिनं हात पुढं केला. त्यानं कोनाड्यातून पिवळी बाटली काढली, तळाशी उरलेली चिमूटभर पूड भेगेत भुरभुरली आणि वर चिंधी बांधली.

"हे गायीचं आहे," ती म्हणाली.

"गायीला चालतं तर तुला काय झालं? तू काय तिच्यापेक्षा नाजूक?"

त्याची आई उंबऱ्यावर बसून पाय चोळत होती. ती म्हणाली, "मेल्या, उद्या मी आजारी पडले तर मला पेंड चारशील."

"चारली असती आई, पण तुला दात कुठं आहेत?"

आई हसली. बायकोही हसली, पण हात छातीशी धरून.

अंगठा काही ऐकेना. तिला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरनं चीर दिली, पू काढला, गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. मग डॉक्टरनं चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "घरी गायी आहेत का?"

त्यावर चार दिवसांनी नमुने घेणारी बाई आली. शहरातल्या प्रयोगशाळेतली. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात बर्फाची निळी पेटी. राडीतून येताना एकदा घसरली, पेटी मात्र वर धरून ठेवली. इरसालला ती तेवढ्यापुरती आवडली.

"ताईंच्या अंगठ्यातल्या पुवात एक जंतू सापडलाय," ती म्हणाली. "नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. तो आला कुठून हे बघायचंय. सगळ्या गायींचं दूध हवं, आणि घरातल्या सगळ्यांच्या नाकातला नमुना."

"नाकातला?" आई म्हणाली. "माझ्या नाकातून काय निघणार, तपकीर."

"नुसता कापूस फिरवायचाय, आजी."

"आणि त्यातून कळणार कसं?" इरसालनं विचारलं.

"जंतूच्या पोटात त्याची सगळी हकिगत लिहिलेली असते. आमचं मशीन ती अक्षरन् अक्षर वाचतं. मग दोन जंतू शेजारी ठेवायचे. अक्षरं जुळली की समजायचं, दोघं एकाच घरचे."

"म्हणजे जंतूंची पण भावकी असते!"

"असते की."

"मग भांडत असतील," आई म्हणाली.

बाई मनापासून हसली. मग बायकोकडं वळून म्हणाली, "ताई, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. गायीत तोच जंतू निघाला तर ती गाय आधी बाजूला करायची. नाहीतर आम्ही कितीही औषध दिलं तरी रोज सकाळी तुम्ही ते दुखणं परत हातात घ्याल. हाडापर्यंत गेलं तर अंगठा वाचायचा नाही."

"आणि बाजूला म्हणजे?" त्यानं विचारलं.

"तिचं दूध डेअरीला घालायचं नाही. ती बरी होईपर्यंत. झाली तर."

त्यानं दाताच्या फटीतून बारीक शिट्टी वाजवली. शेजारच्या वस्तीवर एका गायीचं दूध खराब निघालं, तर डेअरीवाल्यानं सगळ्या गोठ्याचा कॅन दोन महिने परत पाठवला होता. त्या गोठ्याचा मालक रोज सकाळी भरला कॅन घेऊन जायचा आणि भरलाच घेऊन यायचा, सगळ्यांच्या देखत.

बाईनं सहा बाटल्या ओळीनं मांडल्या. एक ते सहा आकडे. भुरी चार नंबर. बांडी पाच नंबर. "ताईंच्या हाताला जखम आहे, त्यांनी आत यायचं नाही. मी काढते."

"भुरीच्या खाली बसाल तर मशीनला तुमचेच दात वाचायला लागतील," तो ओठ वर करून म्हणाला. "बाई, तुम्ही दारात थांबून चिठ्ठ्या चिकटवा. मी देतो काढून."

बाईनं हातमोजे दिले. सड कशानं पुसायचा, पहिल्या धारा कशा टाकून द्यायच्या, सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली. पहिल्या तीन बाटल्या चोख भरल्या. मग चार नंबरची बाटली घेऊन तो भुरीजवळ गेला, तिच्या आणि बांडीच्या मधे उकिडवा बसला, भुरीकडं पाठ केली आणि बांडीचा सड धरला. बांडी गरीब गाय. रवंथ करत उभी राहिली. बाटली भरली. मग पाच नंबरची, त्याच सडातून.

"चार नंबर, भुरी!" त्यानं आतून ओरडून सांगितलं. "पाच, बांडी!"

एकदम सोपं. पोतं शिवण्यापेक्षा सोपं. पेटी घेऊन बाई चिखलातून जाताना त्यानं तिला हातही दिला.

बायको गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होती. चिंधी बांधलेला हात दुसऱ्या हातात. 

निकाल यायला महिना लागला. त्या महिन्यात डॉक्टरनं तिला रोज सुईवाटे नवं औषध दिलं आणि गोठ्यात पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद दिली. अंगठा ओसरायला लागला. कातडी सुरकुतली, मग सुटली, खालून गुलाबी नवी आली. ती चूल पेटवताना काडी त्या अंगठ्यानं ओढायची आणि ओढली गेली की सासूला दाखवायची.

इकडं इरसालचे हाल. सहाही गायींची धार आता तोच काढायचा. भुरीचे मागचे पाय दाव्यानं बांधून, पोटाला दोर आवळून, जेमतेम दोन लिटर निघायचं. बाकीचं ती वर ओढून धरायची. दोर सुटला की लाथ. मांडीवर खुरांची निळी नक्षी उमटली होती. डेअरीवाला कॅन हलवून बघायचा. "काय रे, गाय विकली का लाज विकली?"

रोज रात्रीच्या जेवणाला तो बायकोच्या अंगठ्याकडं बघायचा. "बराय की आता."

"हो."

"सगळा बरा झालाय."

"डॉक्टर सांगतील."

सांगायला आली ती नमुनेवाली बाई. या वेळी ओसरीवर बसली, मांडीवर कागद पसरून.

"ताईंचा जंतू गोठ्यातल्या कुठल्याच दुधात सापडला नाही."

"बघा!" तो म्हणाला. "माझ्या गायी म्हणजे…"

"थांबा. एक गोष्ट कळत नाहीये. चार आणि पाच नंबरच्या दुधात जे काही साधेसुधे जंतू आहेत, ते सगळे सारखे आहेत. दोन शेजारच्या गायींत एखाददुसरा सारखा असणं समजू शकतं. पण झाडून सगळे? तेही त्याच मापात?" तिनं मान वर केली. "बाटल्यांत काही चूक झाली नाही ना? झाली असेल तर सांगा. होतं असं. मी परत नमुने घेईन, कुणाला काही बोलणार नाही."

बाई खरंच चांगली होती. तिनं दार उघडून धरलं होतं, नुसतं आत जायचं होतं. पण दारात कॅन होता, कॅनमागं डेअरीवाला होता. आणि हसत हसत फसवायची सवय अशी की तोंड आपणच चालायला लागतं.

"बाई, दोघी बहिणी आहेत," तो म्हणाला. "एका गव्हाणीत खातात, एकमेकींना चाटतात. वेगळं काय निघणार?"

"म्हणजे तुम्ही दोन गायींचं दूध दोन बाटल्यांत भरलंत?"

"शप्पथ."

"शपथ नको, नुसतं सांगा."

"हिची शप्पथ," तो म्हणाला आणि शेजारी उभ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवला.

बायकोनं डोकं हलवलं नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं, बाईकडं बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडं.

बाईनं कागदावर काहीतरी लिहिलं. पेन बंद केलं. "मग जंतू गायींतून आला नाही असंच म्हणावं लागेल. ताई, तुम्ही धार काढायला हरकत नाही. मोजे घालून काढा."

मोज्यांनी भुरी पान्हा सोडेना. रबर लागलं की ती पाय उचलायची. दोन दिवसांनी बायकोनं मोजे कुडाला टांगले आणि उघड्या हातानं खाली बसली. भुरीनं एक लांब श्वास सोडला आणि बादलीत धार वाजायला लागली. तो दारात उभा राहून ऐकत होता. इतका खूश झाला की शिट्टीवर गाणंच धरलं.

बारा दिवस कॅन भरून गेला. तेराव्या दिवशी अंगठा परत लाल झाला.

या वेळी तो वांग्यासारखा नाही झाला. काळा पडत गेला. लाल रेघ मनगटापासून कोपरापर्यंत चढली. तिला थंडी वाजून इतका ताप भरला की दात वाजलेले पलीकडच्या खोलीत सासूला ऐकू गेले. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला एका लोखंडी खाटेवर ठेवलं. डॉक्टरनं हाडाचा फोटो उजेडाला धरला. सांध्याच्या जागी वाळवी लागल्यासारखं दिसत होतं.

"ठेवला तर हात जाईल," डॉक्टर म्हणाला. "सही करा."

त्यानं सही केली. पेन अंगठा आणि बोटात धरताना त्याला पहिल्यांदा जाणवलं की पेन अंगठ्यानं धरतात.

ती घरी आली तेव्हा हाताला पांढरा गोळा बांधलेला होता. चार बोटं बाहेर. घास डाव्या हातानं घ्यायची. केसांचा आंबाडा जमेना, म्हणून सासू तिचे केस बांधायची. पोलक्याचं पहिलं बटण लावायला तिला सासूला हाक मारावी लागे, आणि एकदा सासू नव्हती तेव्हा तिनं ते उघडंच ठेवलं, पण नवऱ्याला हाक मारली नाही.

नमुनेवाली बाई तिसऱ्यांदा आली. या वेळी हसली नाही. "अंगठ्यातला जंतू तोच आहे. बरा झाला होता, परत तोच आला. घरात कुणाच्या नाकात नाही. मला गोठा परत बघायचाय."

"या की," इरसाल उठला. "मी काढून…"

"तुम्ही बसा," बायको म्हणाली.

तिनं पेटीतून चार नंबरची बाटली स्वतः उचलली. डाव्या हातात मोजा बाईनं चढवला. दोघी भुरीपाशी गेल्या. भुरीनं मान वळवून बायकोला हुंगलं, आणि रबराच्या हाताला पाय उचलला. "गप," बायको म्हणाली, आणि पांढरा गोळा बांधलेला हात तिच्या पोटावर ठेवला. भुरीचा पाय खाली आला. डाव्या हातानं, अडखळत, थेंबथेंब करून तिनं बाटली भरली. बाईनं झाकण लावलं आणि आकडा दोनदा वाचला.

तो ओसरीवर बसून राहिला. शिट्टी वाजवायला ओठ जुळवले, पण वारा नुसताच गेला.

यावेळचा कागद लांबलचक होता. त्यावर झाडासारखं चित्र. बाईनं ते बायकोपुढं ठेवलं, त्याच्यापुढं नाही.

"हे खोड, ह्या फांद्या, हे सगळे भुरीच्या कासेतले. बरेच जुने आहेत, आपसांत थोडे थोडे बदलत गेलेले. आणि ही एका टोकाची डहाळी. हे तुम्ही."

"मी भुरीच्या फांदीवर," बायको म्हणाली.

"हो. आणि ह्या तीन औषधांना तो मरत नाही. तिन्हींची सवय त्याला गायीच्या अंगातच लागलेली दिसते." तिनं तीन नावं वाचली. लांब, अवघड नावं. इरसालला एकही कळलं नाही. मग बाई उठली, कोनाड्यापाशी गेली, बाटल्या एकेक उचलून उजेडात धरल्या. लाल. पिवळी. निळी. परत ठेवल्या. तिन्ही तोंडं भिंतीकडं करून ठेवल्या.

"सुरुवातीलाच हे दूध मिळालं असतं तर…" ती म्हणाली. पेटी उचलून निघाली. चिखलात घसरली तेव्हा त्यानं हात पुढं केला. तिनं तो न धरता कुडाला धरलं.

ठरलं ते असं. भुरीला वेगळं बांधायचं. दूध डेअरीला नाही, वासराला नाही, कुणालाच नाही. पण आटेपर्यंत दोन वेळा काढायचं, नाहीतर कास फुटेल. काढायचं आणि खड्ड्यात ओतून वर चुना टाकायचा. बायकोनं हात लावायचा नाही. आईचं वय नाही.

संध्याकाळी तो बादली घेऊन भुरीखाली बसला. पाय बांधले, दोर आवळला. मोज्यातल्या हातानं सड धरला. तिसऱ्या धारेला दोर निसटला. लाथ बरगडीवर बसली, बादली उडाली, तो राडीत उताणा. "आई गं, तुझ्या…" अशी एक लांब शिवी त्याच्या तोंडून निघाली आणि गोठाभर फिरून आली.

बायको कुडाला टेकून उभी होती. पांढरा गोळा दुसऱ्या हातात.

"लागलं?"

"लागलं तर काय! बरगडी गेली बहुतेक." त्यानं हसायचा प्रयत्न केला. "दाताची शिट्टी झाली, बरगडीची बासरी होईल."

ती हसली नाही.

"त्या दिवशी नव्हतं लागलं," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"बाटल्या भरल्या त्या दिवशी. मी इथंच उभी होते. तुम्ही आतून ओरडलात, चार नंबर, भुरी. लाथेचा आवाज नाही. बादली नाही पडली. शिवी नाही. भुरी तुम्हाला गुपचूप बाटलीभर दूध देते?"

बरगडी धरून तो तसाच पडून राहिला. पाठीखालून ओल वर चढत होती.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?" त्याचा आवाज चिरकला. "त्या बाईनं विचारलं तेव्हा तरी बोलायचंस!"

"बाई तुम्हाला विचारत होती. आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता." तिनं हातातला गोळा सावरला. "मी म्हटलं, आता बोलतील. हात डोक्यावर आहे तोवर तरी बोलतील. मग म्हटलं उद्या बोलतील. मोजे काढून ठेवले त्या दिवशी मुद्दाम तुमच्यासमोर काढले. म्हटलं, आता तरी म्हणतील, बसू नकोस. तुम्ही गाणं म्हणत होता."

भुरीनं शेपटी झटकली. सडातून पिवळट थेंब आपोआप गळत होता.

"उठा," बायको म्हणाली. "निम्मी कास भरलेलीच आहे अजून."

ती घरात गेली. तो उठला, बादली शोधली, भुरीच्या पोटाखाली ठेवली आणि परत खाली बसला.